सत्तेचाळीस नंबर

मंडळाचा गणपती असो की संक्रांत, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतंच. "तुम्ही कोल्हापूरचे ना? मग सांगा, इथं अमेरिकेत फुटबॉल बघायला सगळ्यात चांगलं चॅनल कुठलं?" विचारणारा बहुतेक वेळा नुकताच आलेला असतो. फुटबॉल लावला आणि हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळताना दिसली, तेव्हा आपल्या खेळाला इथं सॉकर म्हणतात एवढं त्याला कळलेलं असतं. कोल्हापूरचा माणूस म्हणजे फुटबॉलमधला जाणकार, हा समज मी मोडत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बालपण गेलेल्या माणसाला एवढा मान चालतो.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी आधी उलटा प्रश्न विचारतो, "कुणाची मॅच?" कारण इथं चॅनल बघून खेळ सापडत नाही. प्रत्येक लीगचे हक्क वेगळ्या कंपनीनं विकत घेतलेले आहेत, त्यामुळे तुमचा जीव कुठल्या संघात अडकलाय त्यावर तुमचं बिल ठरतं. भारतातलं सबस्क्रिप्शनही इथं चालत नाही. हक्क देशागणिक विकले जातात, ॲपला तुम्ही कुठं बसलाय ते कळतं आणि पडदा काळा होतो.

इंग्लंडची प्रीमियर लीग हवी असेल तर एनबीसी, यूएसए नेटवर्क आणि पीकॉक हे ॲप. २०१३ पासून ती एनबीसीकडे आहे. त्याआधी फॉक्स सॉकर नावाचं अख्खं चॅनल होतं, मी आलो तेव्हा त्याच्यावरच जगलो. त्याच वर्षी ते बंद झालं. आता तीन ठिकाणी मिळून हंगामाच्या सगळ्या ३८० मॅच दिसतात, आणि यात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या मॅच टीव्हीवर दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. म्हणजे मँचेस्टरचा माणूस घरी बसून जी मॅच बघू शकत नाही ती मी न्यू जर्सीत सकाळी दहा वाजता पोहे खात बघतो. पहिली मॅच तर साडेसातलाच असते. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे मात्र सांभाळा. अमेरिका घड्याळ आधी पुढं सरकवते, युरोप नंतर, त्यामुळे दहाची मॅच अकराला लागते. एका मार्चमध्ये मी अलार्म लावून उठलो आणि तासभर बंद पडद्यासमोर जांभया देत बसलो.

युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग २०२० पासून सीबीएस आणि त्यांच्या पॅरामाउंट प्लस ॲपकडे. मॅच मंगळवार-बुधवारी, इथल्या दुपारी तीनला, म्हणजे नेमकी मीटिंगची वेळ. पण त्यांचा स्टुडिओ बघाच. थिअरी ऑन्री, कॅरॅगर आणि मायका रिचर्ड्स हे जुने खेळाडू एकमेकांची अशी फिरकी घेतात की कधी कधी मॅचपेक्षा मध्यंतर बरं वाटतं. इटलीची सेरी आ लीग २०२१ मध्ये तिथंच आली. स्पेनची ला लिगा ईएसपीएनच्या ॲपवर, फ्रान्सची लीग बीइन स्पोर्ट्सवर. आणि मेस्सी? तो २०२३ च्या जुलैमध्ये मायामीला आला, आणि त्याच वर्षापासून अमेरिकेची एमएलएस ही लीग ॲपलकडे गेली होती, सुरुवातीच्या करारात दहा वर्षांसाठी. तेव्हा तिचे वेगळे पैसे मोजावे लागायचे, २०२६ पासून ॲपल टीव्हीच्या नेहमीच्या वर्गणीतच मिळते.

एकेकट्याचे पैसे किरकोळ वाटतात. सगळ्यांची बेरीज केली की आठवड्याचा किराणा निघेल. शिवाय "सात दिवस फुकट" घेऊन विसरायची आपल्याला सवय. एका ॲपला मी अकरा महिने पैसे भरले आणि त्यावर एकच मॅच बघितली, तीही ०-०. बायको अजून तो स्कोअर विसरलेली नाही.

म्हणून दोन पैशांचा सल्ला: आधी अँटेना घ्या. होय, छपरावर चढून बाबा "आलं का?" असं ओरडायचे, त्याच जातीचा. फक्त आताचा शाळेच्या पाटीएवढा, काळा, पातळ, खिडकीला चिकटवायचा. एकदा वीस-पंचवीस डॉलर, पुढं काही नाही. न्यूयॉर्कच्या वाहिन्या मॅनहॅटनमधल्या उंच इमारतींवरून सुटतात आणि आमच्या एडिसन गावापासून मॅनहॅटन येतं ईशान्येला. ईशान्येच्या कोपऱ्यात आमचं देवघर. त्यामुळे अँटेना बाळकृष्णाच्या डोक्यावर लटकतोय. आईनं आधी नाक मुरडलं, मग त्यालाही हळदीकुंकू लावलं.

त्यावर एनबीसी, सीबीएस, फॉक्स फुकट दिसतात. विश्वचषकाचे इंग्रजीतले हक्क २०१८ पासून फॉक्सकडे आहेत, २०२६ च्या अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोतल्या विश्वचषकासकट. अँटेनाची मॅच ॲपच्या पुढंही असते. ॲपवरची मॅच अर्धा-पाऊण मिनिट मागून येते, तोवर वरच्या मजल्यावरचं इक्वेडोरचं कुटुंब पाय आपटून गोल जाहीर करतं. पण मला खरं सांगायचंय ते त्यापुढच्या चॅनलबद्दल. युनिव्हिजन ४१, टेलेमुंडो ४७. दोन्ही स्पॅनिश.

२०२२ च्या डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे होते. बाबा ब्राझीलवाले. आमच्या पेठेत हे जन्मतःच ठरतं, एक गल्ली ब्राझीलची, पुढची अर्जेंटिनाची, आणि विश्वचषकाच्या महिन्यात सोयरीक जमवणारेही जरा थांबतात. ब्राझील ९ तारखेला क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरला तेव्हा बाबा दिवसभर बोलले नाहीत. १८ ला अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, इथं सकाळी दहाला. मी फॉक्स लावलं होतं. बाबांनी रिमोट घेतला, चॅनल फिरवत ४७ वर आले आणि थांबले. त्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. इंग्रजीही बेताचंच.

पण कॉमेंटेटर आंद्रेस कँटोर बोलत होता. नव्वदच्या दशकापासून अमेरिकेत ज्याची "गोऽऽऽऽल" अशी आरोळी प्रसिद्ध आहे तो. मेस्सीचा पहिला गोल झाला आणि तो सुरू झाला. बाबा चहाचा कप हातात धरून बघत राहिले. "आरं, ह्यो गडी दम कवा घ्यायचा?" पुढं फ्रान्सच्या एम्बापेनं दीड मिनिटात दोन गोल केले आणि चहाची साय धरली. आवाज चढला की बाबा पुढं सरकायचे, उतरला की सोफ्याला टेकायचे. ऑफसाइड कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी अर्जेंटिनाच्या मोंतिएलची पेनल्टी आत गेली आणि कँटोरचा आवाज फाटला.

"रडतोय काय त्यो?"

"बाबा, तो ब्युनोस आयर्सचा आहे."

ब्राझीलवाले बाबा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "रडू दे मग."

जानेवारीत ते परत गेले. आठवड्याभरानं फोन आला. तब्येत, पोहोचलेलं सामान, शेजारच्यांना वाटलेली चॉकलेटं, सगळं झालं. मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाले, "काय रं, आपल्या केबलवाल्याला इचारलं. त्यो सत्तेचाळीस नंबर हितं लागत न्हाई म्हणतोय. तू एकदा बोलून बघ की त्याच्यासंगं."