तोंड लाल, पाठ पांढरी

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं बस-ट्रकच्या डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. 2015 च्या जूनमधली गोष्ट. सिंहस्थाचं वर्ष. 14 जुलैला कुंभमेळ्याचं ध्वजारोहण होतं, त्यामुळे ज्याला त्याला आपली गाडी त्याआधी रंगवून हवी होती. त्या गर्दीत एका मालकाने एक जुनी बस आणून उभी केली. बाहेरच्या एका शहराच्या परिवहन सेवेतून निघालेली, लिलावात घेतलेली, नखशिखांत लाल. त्याला ती कारखान्याच्या कामगारांसाठी चालवायची होती आणि पांढऱ्यावर निळा पट्टा हवा होता. आरटीओकडे रंगबदलाची नोंद त्याची तो करणार होता. आमचं काम पत्रा आणि रंग.

आमच्याकडे तेव्हा साठी ओलांडलेले एक मिस्त्री होते. मागच्या चाकाच्या कमानीवर त्यांनी पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद, मारायला घेतला आणि मला हाक मारली. घासलेली जागा जेमतेम रुपयाएवढी असेल. सगळ्यात बाहेर लाल कडं, त्याच्या आत प्रायमरचं राखाडी, मग साईच्या रंगाचं, पुन्हा राखाडी, मग निळ्याचं एक बारीक कडं आणि मधोमध चकचकीत पत्रा. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी कडी, फक्त प्रत्येकाचा रंग वेगळा. मिस्त्री म्हणाले, "हिचं तीनदा बारसं झालंय." मग त्यांनी नंबरप्लेट काढून दाखवली. प्लेटखालचा लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद होता, बाहेरचा विटकरी. ऊन सगळ्याच रंगांना खातं, पण लालातली बरीच रंगद्रव्यं त्यापुढे लवकर हार मानतात. आतल्या निळ्याचा आणि साईचा मात्र उन्हाशी संबंध नव्हता. ते रंग उतरले म्हणून बदललेले नव्हते, कुणीतरी ठरवून बदललेले होते.

मागून सुरुवात करून दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या. तोंड राहिलं, कारण समोरच्या काचेचं रबर कुजलं होतं आणि काच बसवणारा कारागीर सातपूरला. काच बदलल्याशिवाय चौकटीला रंग मारून उपयोग नाही, म्हणून गाडी तशीच सातपूरला न्यायची ठरली. दरवाजे रंगासाठी काढलेले, गावाच्या नावाच्या पाटीची जागा रिकामी, आत सीटवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. ड्रायव्हर आणि शेजारी मी, असे दोघंच निघालो.

आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागलो आणि हात वर व्हायला लागले. पहिल्या स्टॉपवर दोघा-तिघांचे. पुढे एक बाई लेकराला काखेत मारून धावत आली, गाडी पुढे गेल्यावर पांढरी पाठ दिसली तशी मधेच थांबली. मी खिडकीतून हात हलवून "नाही, नाही" करत होतो. गाडीला पाटीच नाही हे कुणी बघतच नव्हतं. लांबून लाल तोंड दिसलं की हात वर.

सातपूरला पुढे एक ट्रक आडवा लागला होता म्हणून थांबलो. तेवढ्यात एक आजी दांडा धरून वर आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी, पाटीत घडी केलेलं पोतं. भाजी विकून परत निघालेल्या दिसत होत्या. वर्तमानपत्र बाजूला सारून पहिल्या सीटवर बसल्यासुद्धा.

"आजी, ही गाडी जात नाही."

"का रं भाऊ? तिरमकला जाती ना?"

"नाही हो आजी, ही रंगायला काढलीय. कामगारांची गाडी आहे."

त्यांनी गाडीभर बघितलं. थिनरच्या वासाने नाकाला पदर लावला. मग मला म्हणाल्या, "तोंड तर लालच हाये."

मी त्यांना हात देऊन उतरवत होतो, तेवढ्यात आमच्या मागे अडकलेली खरी लाल बस ट्रकच्या बाजूने वाट काढून निघून गेली. आजींनी पाटी सावरत हात केला, पण आमच्या गाडीच्या आडोशाला त्या ड्रायव्हरला दिसल्याच नसतील. त्यांची गाडी आमच्यामुळे चुकली. मी ड्रायव्हरला काचवाल्याकडे पाठवलं आणि आजींसोबत स्टॉपवर उभा राहिलो.

वीसेक मिनिटांनी पांढरी-हिरवी बस आली. पाटीवर जव्हार लिहिलेलं, म्हणजे त्र्यंबकवरूनच जाणारी. मी हात केला तर आजींनी माझा हात खाली ओढला. "तिला पैसं जास्ती पडत्यात. लाल येऊ दे." मी तिकिटाचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. "मला पाटी वाचता येत नाय भाऊ. लाल दिसली की कंडक्टरला इचारायचं, तिरमक का. हिरवी दिसली की इचारायचंबी नाय." पुढची लाल बस आली, आजींनी विचारलं, चढल्या. तोवर पाऊण तास गेला होता.

बसला रंग देताना मी आजवर पत्रा वाचवायचा विचार केला होता, फार तर मालकाची हौस. त्या पाऊण तासात कळलं की आजींसाठी रंगात गाडी कुणाची आणि तिकीट किती, या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. आणि त्यांचं वाचन अचूक होतं. साध्या लाल गाडीपेक्षा पांढऱ्या-हिरव्या निमआराम गाडीचं भाडं जास्तच होतं.

त्यानंतर मी बसच्या रंगांबद्दल जिथे मिळेल तिथे वाचत, विचारत गेलो. आपली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली तेव्हा लाल नव्हतीच, निळी-चंदेरी होती. लाल परी हे नाव आपल्या जिभेवर इतकं बसलंय की हे ऐकून मला धक्काच बसला. आजींची पांढरी-हिरवी ती एशियाडची. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून पडलेलं नाव. रंग वेगळा, भाडंही वेगळं. लंडनचा प्रसिद्ध लालही कुणाच्या आवडीने आलेला नाही. रस्त्यावर डझनभर कंपन्यांच्या गाड्या, त्यांतून आपली उठून दिसावी म्हणून 1907 मध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने आपला ताफा लाल केला. पुढे कंपनी राहिली नाही, रंग राहिला.

मला सगळ्यात पटलं ते दक्षिण कोरियातल्या सोल शहराचं. तिथे 2004 मध्ये अख्खी बससेवा नव्याने बांधली आणि रंग कामाप्रमाणे वाटले. लांबच्या मुख्य मार्गांना निळा, आतल्या भागातून मेट्रोपर्यंत आणणाऱ्या गाड्यांना हिरवा, शहराबाहेरून येणाऱ्या जलद गाड्यांना लाल, मध्यभागी गोल फिरणाऱ्यांना पिवळा. आमच्या आजी तिथे असत्या तर आठवड्यात शिकल्या असत्या. याच्या उलट दिल्ली. तिथे खासगी रेडलाइन बसखाली माणसं मरायला लागली, लोक संतापले, तर गाड्यांना निळा रंग देऊन ब्लूलाइन केलं. अपघात थांबले नाहीत. बदनामी झाकायला रंग लावणं मला मनापासून चीड आणणारं वाटतं. गंजलेल्या पत्र्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी परत पाठवतो, ते याच चिडीने.

नाशिकला 2021 च्या जुलैत शहर बस एसटीकडून महापालिकेकडे आली आणि सिटीलिंक सुरू झाली. संस्था दुसरी, तिकीट दुसरं, पास दुसरा, तेव्हा रंग वेगळा हवाच होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी आई पहिले कित्येक दिवस स्टॉपवर नव्या गाड्या सोडून द्यायची. तिला वाटायचं, या कुठल्यातरी कंपनीच्या. मी एकदा तिच्यासोबत चढलो, मग तिची भीड गेली. रंग बदलणाऱ्यांनी स्टॉपवर महिनाभर माणूस उभा करावा, नवी गाडी दाखवून "ही तुमची" असं सांगणारा, असं मला तेव्हापासून वाटतं. रंगाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

त्या जूनमधली बस चार दिवसांनी पुरी झाली. पांढरी, कमरेला निळा पट्टा, नवी काच. दिव्यांचं काम राहिलं होतं म्हणून पुन्हा सातपूरला नेली. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, जवळपास तीच वेळ. मी मुद्दाम पुढे बसलो. पहिला स्टॉप, पुढचा स्टॉप, सातपूर. स्टॉपवर माणसं तेवढीच होती. एकही हात वर झाला नाही. आमची गाडी समोर आली की लोक मान वाकडी करून तिच्या मागचं बघायचे.

आता रंगायला आलेली बस अर्ध्या कामात रस्त्यावर न्यायची वेळ आली, तर आम्ही आधी तिच्या तोंडावर राखाडी प्रायमरचा एक हात मारतो. अर्धा दिवस जातो, मालक कुरकुरतात. मग काचेवर आतून "खासगी" असा कागद लावतो आणि दाराच्या जागी दोरी बांधतो.