गॉल: न चढता पाहिलेला किल्ला

किल्ला म्हटलं की आमची आई आधी गुडघ्यांकडे बघते आणि मग आमच्याकडे. राजगडाच्या पायथ्याशी गाडीत बसून वाट बघण्यात तिचे बरेच रविवार गेलेत. त्यामुळे कोलंबोहून गॉलची एका दिवसाची सहल ठरवताना मी एकच प्रश्न विचारला होता, "पायऱ्या किती?" (क्रिकेटच्या बातम्यांत 'गाले' छापतात, तेच हे श्रीलंकेतलं गाव.)

व्हॅनमध्ये आम्ही नऊ जण. गाइड साठीच्या आसपासचे, सफेद शर्ट, पायात साध्या चपला. निघताना त्यांनी माणसं मोजली: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय. "अगं, हे तर आपलंच!" आई एकदम म्हणाली. "पुढे दहा ना?" "दहय," ते हसले. सिंहली आपल्याच भाषाकुळातली, हे मी वाचलं होतं. आईने ते व्हॅनमध्ये बसल्या बसल्या शोधून काढलं. त्यानंतर दिवसभर ती त्यांची 'अम्मा' आणि ते आमचे 'काका'.

काकांनी हायवे सोडून किनाऱ्याचा रस्ता धरला. उजवीकडे समुद्र, मध्येच रेल्वेचे रूळ. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलियाला गाडी थांबली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे कोलंबोहून आलेली भरलेली ट्रेन लाटेखाली सापडली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. आता तिथे उंच उभी बुद्धमूर्ती आहे. काका काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

गॉलच्या किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, कारण किल्ला म्हणजे गावच. आत शाळा, चर्च, मशीद, दोरीवर वाळत घातलेले कपडे. आपल्याकडे सिंधुदुर्गात थोडी घरं आहेत, पण इथे चालत्या-बोलत्या गल्ल्या आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सुरुवात केली, 1640 मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि आज दिसते ती भक्कम तटबंदी मुख्यतः त्यांची. जमिनीकडच्या बाजूला तीन बुरूज: सूर्य, चंद्र आणि तारा.

जुन्या दरवाज्याशी काकांनी आम्हाला मुद्दाम आधी बाहेर उभं केलं. वर ब्रिटिशांचं राजचिन्ह. मग आत नेऊन मागे वळायला लावलं: डच कंपनीचं चिन्ह, दोन सिंह, वर कोंबडा आणि 1669 साल. मी मनात हिशेब केला. तेव्हा महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून 5 वर्षं होती आणि सिंधुदुर्गाची पायाभरणी होऊन 5 वर्षं झाली होती. कोंबड्याचं काय? पोर्तुगीजांच्या भाषेत कोंबडा म्हणजे 'गालो', त्यावरून गावाचं नाव पडलं अशी एक कथा. काकांनी ती सांगितली आणि लगेच हात झटकला. त्यांचा तिच्यावर विश्वास दिसला नाही.

मला सगळ्यात आवडली ती एका दगडाची गोष्ट. चिनी दर्यासारंग झेंग ह याचा 1409 सालचा शिलालेख 1911 मध्ये गॉलमध्येच एका नाल्यावर पालथा घातलेला सापडला. तीन भाषा: चिनीत बुद्धाला अर्पण, तमिळमध्ये विष्णूला, फारसीत अल्लाला. म्हणजे एकाच खेपेत तिन्ही दारांत नमस्कार. आई म्हणाली, "हुशार होता." मूळ दगड आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आम्ही ते आदल्याच दिवशी बघून आलो होतो आणि या दगडापुढे मी जेमतेम अर्धा मिनिट थांबलो होतो!

1755 च्या डच चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या फरश्या आहेत, चालताना पाय अडखळतात. दीपगृहासमोरची मशीद लांबून थेट चर्च वाटते. रत्नांच्या दुकानांतून मी सगळ्यांना भराभर बाहेर काढलं. जेवणात भात, परिप्पू म्हणजे डाळ, कोवळ्या फणसाची रस्साभाजी आणि खवलेल्या नारळाचं तिखट पोल संबोल. कोकणातल्या माणसाला परकं वाटावं असं ताटात काही नव्हतं. आईने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुपारी कुणीतरी खांबांवर बसून मासे धरणाऱ्या कोळ्यांकडे जाऊ या म्हणालं. काका म्हणाले, आता तिथे मासे कमी आणि फोटो जास्त. त्यापेक्षा तटावर बसा. बसलो.

तटावर फिरायला मात्र कसलीच घाई नको. रुंद गवताळ वाट, चढ नावापुरता. घड्याळाचा मनोरा 1883 चा, डॉ. अँथोनिस्झ नावाच्या स्थानिक डॉक्टरांच्या सन्मानार्थ लोकांनी बांधलेला. त्याच्या पलीकडे खाली क्रिकेटचं मैदान. सामन्याच्या दिवशी लोक इथूनच फुकट बघतात. "22 जुलै 2010," काका म्हणाले आणि थांबले. आम्हीही गप्प. मुरलीधरनचा आठशेवा बळी, शेवटची कसोटी, समोर आपण, आणि स्लिपमध्ये झेल गेलेला प्रज्ञान ओझा. "सॉरी," काका म्हणाले, पण चेहऱ्यावर सॉरी अजिबात नव्हतं.

त्सुनामीत हेच मैदान पाण्याखाली गेलं होतं, तिथला पुढचा कसोटी सामना थेट डिसेंबर 2007 मध्ये झाला. डचांच्या भिंतीआडचं गाव मात्र बरंचसं वाचलं. ज्यांना तोफांची भीती होती, त्यांची भिंत साडेतीनशे वर्षांनी पाण्याला पुरून उरली.

फ्लॅग रॉक नावाच्या बुरुजावरून पोरं खडकांमधल्या पाण्यात उड्या मारून पैसे मागत होती. आईने डोळे मिटून घेतले, मग एक डोळा उघडून बघितलं. ऊन उतरलं, आख्खं गाव तटावर आलं. युनिफॉर्ममधल्या मुली, पतंगवाले, छत्रीच्या आडोशाला बसलेली जोडपी.

निघायच्या वेळी काकांनी पुन्हा मोजायला घेतलं. एक, देक, तुन... "अट," आईच म्हणाली, "एक कमी आहे." आमच्यातला एकटाच फिरायला आलेला एक मुलगा अजून तटावर सूर्याकडे तोंड करून बसला होता. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि आईशेजारी दगडावर बसून घेतलं.