वरचा कागद

माझ्या जलरंगातल्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात फ्रेमा भिंतीकडेने लावून ठेवत असताना शेवटच्या फ्रेमेवरचे वर्तमानपत्र मी काढले आणि आत भलतेच चित्र निघाले. भलते म्हणजे माझेच, पण मी नापास केलेले.

ते ऑगस्टमधले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती, ४३ फुटांच्या धोका पातळीची भीती होती, आणि मी पंचगंगा घाटाच्या वरच्या रस्त्यावर उभी राहून १५ बाय २२ इंचांच्या, ३०० जीएसएमच्या जाड सुती कागदावर घाईने रंग लावत होते. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धवट ओला असतानाच भुरभुर सुरू झाली. अशा वॉशवर पाण्याचा थेंब पडला की तो रंगकणांना कडेला ढकलतो आणि वाळल्यावर तिथे फुलकोबीसारखा डाग उभा राहतो. माझ्या आकाशात असे सात डाग होते. ज्या गावाने चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसरात केलेली निसर्गचित्रे पाहिली आहेत, त्या गावात डागाळलेले आकाश भिंतीवर टांगण्याचे धाडस मला होणार नव्हते.

म्हणून घरी तेच चित्र मी पुन्हा केले, आणि आणखी नऊ वेळा केले. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून केलेला तोच करडा रंग, तोच बोर्डाचा उतार. तरीही ते आकाश येईना. कारण साधे होते, पण ते लक्षात यायला मला आठ कागद लागले. ऑगस्टच्या दमट हवेत वॉश बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत सावकाश बसतात आणि ढगाची कड आपोआप विरते. नोव्हेंबरअखेरीच्या कोरड्या हवेत मात्र कुंचला खाली येईपर्यंत वरची कड वाळून करकरीत होते. पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकून मी हवेला फसवले आणि अकराव्या कागदावर एकही डाग नसलेले आकाश मिळवले.

इतर सर्व चित्रे मी स्वतः माउंटला, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याला, बसवली होती. फ्रेमवाल्यांपैकी बहुतेकांना सेलोटेपशिवाय दुसरे काही सुचत नाही. ती टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही पिवळा करते. शिवाय कागद चारही बाजूंनी चिकटवला, तर पावसाळ्यात फुगल्यावर त्याला पसरायला जागा उरत नाही आणि तो पापडासारखा वाकतो. मी गव्हाची खळ शिजवून पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांनी प्रत्येक चित्र फक्त वरच्या कडेला अडकवते. हे एकच चित्र तेवढे राहिले होते, कारण पहिले की अकरावे हा माझा निर्णय होत नव्हता. अखेर दोन्ही कागद एका फोल्डरमध्ये घातले, पट्ट्या आणि खळीची डबी सोबत ठेवली, आणि फ्रेमवाल्याला फोनवर सांगितले की वरचा कागद लावा. मग त्याच रात्री दोन्ही बाहेर काढून दिव्याखाली आणखी एकदा पाहिले, आणि परत ठेवताना क्रम उलटा झाला.

त्या दुपारी फ्रेमवाल्याला फोन केला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, तुमीच म्हणलासा की, वरचं लावा म्हणून. बदलून देऊ काय? अर्ध्या तासाचं काम हाय.’’ मी म्हणाले, राहू दे. हे मी शहाणपणाने म्हणाले असे सांगायला मला आवडले असते. प्रत्यक्षात सकाळपासून उभी राहून माझे पाय भरून आले होते, आणि सुतळीची लांबी जुळवून साऱ्या फ्रेमांच्या खालच्या कडा एका रेषेत आणायचे काम अजून बाकी होते.

उद्घाटन जसे होते तसे झाले. पाहुण्यांनी समई लावली, चित्रांकडे पाठ करून छायाचित्रे काढून घेतली आणि ते पुढच्या कार्यक्रमाला गेले. दुसऱ्या दिवशी माझे जुने चित्रकलेचे सर आले. पुराच्या चित्रासमोर ते थोडा वेळ थांबले, ‘‘पाऊस होता काय?’’ एवढेच त्यांनी विचारले आणि ते पुढे सरकले. नंतर रंकाळा तलावातल्या संध्यामठ या दगडी वास्तूच्या चित्राकडे मात्र ते बाजूने, मान वाकडी करून, पाहत राहिले. हे चित्र मी पाच आठवडे घासत बसले होते आणि प्रवेशद्वारासमोरची जागा मुद्दाम त्यालाच दिली होती.

‘‘हा कागद किती वेळा धुतलास?’’

मी म्हणाले, चार. खरा आकडा त्याहून मोठा होता. रंग सारखा उचलत राहिले की कागदावरचे सायझिंग, म्हणजे पाणी चटकन शोषू न देणारा लेप, जाते, तंतू उठतात, आणि तिरप्या उजेडात तो भाग घासलेल्या कापडासारखा दिसतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते. समोरून पाहिले की ते दिसत नाही, आणि मी पाच आठवडे ते चित्र समोरूनच पाहत होते. सर आणखी काही बोलले नाहीत. त्यांनी अभिप्रायाच्या वहीत नाव आणि तारीख तेवढी लिहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अकरावा कागद, पक्कड आणि ब्राउन टेप घेऊन दालन उघडण्याआधी पोहोचले. पुराच्या चित्रावर कोणाची तक्रार नव्हती. तरीही मी ते उतरवून पालथे केले, मागची टेप नखाने थोडी उचलली, मग पुन्हा दाबून बसवली आणि चित्र होते तिथे टांगले. संध्यामठ उतरवावा असेही वाटले होते, पण त्याच्या जागी लावायला माझ्याकडे दुसरे काहीच नव्हते. फोल्डर दिवसभर वहीच्या टेबलाखाली राहिला आणि संध्याकाळी मी तो परत घरी नेला.