आईची सीट आणि व्हॅनचं पासिंग

गुरुवारी व्हॅन पास झाली. दुसऱ्या फेरीत झाली. पहिल्या फेरीत आरटीओच्या मॅडमनी सरकता दरवाजा उघडून आत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "काका, यात आजी कुठे बसतात?" आई तेव्हा गाडीत नव्हतीच. बाकड्यावर तिची शाल राहिली होती, ती त्यांना दिसली असावी.

व्हॅन २०१० च्या ऑगस्टची, एमएच ०७, ५ जणांची, इंजिन पुढच्या सीटखाली. माझं काम बोटींच्या इंजिनांचं, देवगडला आनंदवाडीच्या बाजूला. स्पेअर आणायला, पंप पोचवायला ही गाडी घेतली. २०१९ मध्ये डोक्यात आलं की हिच्यात झोपायची सोय करावी. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जावं, रात्री एखाद्या देवळाच्या आवारात विचारून गाडी लावावी. मधली सीट काढली, मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, नेऊन ताडपत्रीखाली ठेवली आणि डाव्या अंगाला मरीन प्लायचं लांब बाकडं बसवलं. खाली सामान, वर गादी. दिवसा बसायचं, रात्री झोपायचं. तुळतुळीत पॉलिश केलं होतं. शेजारपाजारचे बघायला यायचे.

२०२० च्या जानेवारीत आईला डोळ्यांच्या तपासणीला कोल्हापूरला नेत होतो. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलात शिरलो आणि एका वळणाआड गवा उभा. राधानगरीच्या त्या पट्ट्यात गवा दिसणं नवं नाही, पण तो रस्त्याच्या मधोमध होता. ब्रेक मारला. वेग जेमतेम ३५ असेल. आई त्या तुळतुळीत बाकड्यावरून घसरत आली ती थेट माझ्या सीटच्या पाठीवर. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. गवा शांतपणे पलीकडे गेला. आई म्हणाली, "बाबू, माका धरूक कायच गावला नाय रे." तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, म्हणून तो अजून कानात आहे.

प्लास्टर निघायच्या आधीच मी बाकड्याला कमरेचा पट्टा (सीटबेल्ट) लावला. ८ मिलीमीटरचे दोन बोल्ट, पत्र्याखालून रुंद वायसर, वरून सीलंट. झालं, असं वाटलं. पुढची ५ वर्षं आई त्याच पट्ट्यावर बसली.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करायचा, गाडी नेऊन दाखवायची, पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी याची फी ५,००० रुपये आहे, पूर्वी ६०० होती. मी तयारी केली होती ती दिवे, वायपर, हॉर्न, टायर, हँडब्रेक, पीयूसी, विमा यांची. चेसिस नंबरवरचा गंज घासून काढला, छाप नीट उठावा म्हणून. सीटचा विचारही मनात आला नाही.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. आरसीवर ५ लिहिलेत. पुढे २, मागे ३, तिघंही समोर तोंड करून, कंपनीने दिलेल्या जागी, पट्ट्यासकट. तुमच्या गाडीत मागे एक फळी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी मला फोनवर काढून दाखवलं. गाडी नोंदवताना कंपनीने जी माहिती दिली, तिच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड लावला नाही त्यांनी. "सीट मूळ जागी लावून आणा," म्हणाल्या.

मी विचारलं, गाडी कारवाँ म्हणून नोंदवता येईल का? आपल्या राज्याचं कारवाँ पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलेलं आहे, म्हटलं माझ्यासारख्यालाही वाट असेल. पण कारवाँची व्याख्याच वेगळी. त्यात सीट आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा, हे चारही पाहिजे आणि ते गाडीला पक्कं जोडलेलं पाहिजे. टेबल तेवढं काढता-घालता आलं तर चालतं. त्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, आणि ती मंजुरी गाड्या बांधणारे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून घेतात. एका माणसाच्या १५ वर्षांच्या व्हॅनसाठी तो रस्ता नाही.

घरी आलो आणि बाकडं सोडवायला घेतलं. खरं लिहायचंय ते इथून पुढचं.

पट्ट्याचे बोल्ट वरून चकचकीत होते. चटई वर केली तर वायसरभोवती पत्र्याला फोड आलेले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आत गेलं. मी खालून जे वायसर लावले होते ते बोटीच्या कामातले उरलेले स्टेनलेसचे होते, चांगले मोठे. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला जास्त क्रियाशील धातू आधी खाल्ला जातो, हे मी रोज बोटवाल्यांना सांगतो. त्यासाठीच तर बोटींना जस्ताचे तुकडे लावतो. स्वतःच्या गाडीत मात्र उघड्या लोखंडी पत्र्याला स्टेनलेसची थाळी चिकटवली होती आणि सीलंट वरून लावलं होतं, खालून नाही. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी खालून सुकतच नाही. उरलेले आठ महिने खारा वारा. ५ वर्षांत पत्रा बिस्किटासारखा झाला.

तो भाग कापावा लागणारच होता. म्हणून कापायच्या आधी ओढून पाहायचं ठरवलं. शॉपमध्ये इंजिन उचलायचा चेन ब्लॉक आहे आणि मासळीवाल्याकडून आणलेला हुकाचा वजनकाटा. त्याच जुन्या भोकातून तोच बोल्ट, तोच वायसर, वर डोळ्याचा नट, त्याला काटा, त्याला चेन ब्लॉक. गाडी चारी बाजूंनी खाली बांधली. मुलीला दूर उभं करून आकडे वाचायला सांगितले. हळूहळू ओढत गेलो. १५० किलोला काही नाही. २८० ला पत्रा तंबूसारखा वर आला. ३४० ला फाटल्याचा आवाज झाला आणि वायसर अख्खा वर आला. बोल्टला ओरखडासुद्धा नाही.

अपघातातली ओढ सरळ वर नसते, ती पुढे असते, हे मला कळतं. पण अंदाज यायला एवढं पुरे होतं. आईचं वजन ५२ किलो. गाडी ताशी ५० च्या वेगात असताना कशावर तरी आदळली आणि पट्टा व गाडीचा चेपलेला भाग मिळून तिला अर्ध्या मीटरात थांबवलं, तर त्या अर्ध्या मीटरात पट्ट्यावर सरासरी एक टनाच्या आसपास ओढ येते. गणित साधं आहे, अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले अंतर. माझे दोन बोल्ट मिळून ६८० ला सुटले असते. ५ वर्षं ती त्या पट्ट्याचं बक्कल लावून मला म्हणायची, "चल, बसलंय मी." त्या रात्री मला झोप लागली नाही.

कंपनीचे पट्टे कसे तपासतात ते मग शोधून वाचलं. आपल्याकडचं एआयएस-१५ हे मानक युरोपातल्या नियम १४ वर बेतलेलं. तीन ठिकाणी बांधलेल्या पट्ट्याच्या खांद्याच्या भागाला १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागाला १३,५०० न्यूटन ओढ देतात, म्हणजे प्रत्येकी पावणेचौदाशे किलोच्या आसपास. पट्टा सीटलाच जोडलेला असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट ओढ वेगळी. १० मिलीमीटरचा ८.८ ग्रेडचा चांगला बोल्ट एकटा ३ टनांहून जास्त पेलतो. बोल्ट विकत मिळतो, त्यामुळे सगळे बोल्टचाच विचार करतात. पण फाटतो तो पत्रा. कंपनी पट्ट्याच्या जागी पत्र्यामागे जाड पट्टी आणि नट आधीच जोडून देते ती यासाठी. ती जागा माझ्या गाडीत होतीच! चटईखाली, चिखलाने भरलेली, बाकड्याच्या पायाने झाकलेली.

तिचा आटा साफ करायला घेतला तर १० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) सैल, १२ चा जाईना. थ्रेड गेज लावल्यावर कळलं की तो मेट्रिक आटाच नाही. पट्ट्याचा बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आटे, बारीक. जगभर बहुतेक गाड्यांत हाच असतो. कुणी १२ चा बोल्ट हाणून बसवू नका, आटा जाईल आणि कळणारही नाही. तो टॅप मला कणकवलीत मिळाला नाही, कोल्हापुरातून मागवला.

कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. वेल्डिंग पट्ट्याच्या नटापासून लांब ठेवलं, कारण तिथलं लोखंड तापवून नरम करायचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी जस्ताचा प्रायमर, रंग, सांध्यांना खालून सीलंट. पाणी निथळून जायची मूळ भोकं मीच कधीतरी बुजवली होती, ती उघडली.

मांगरातली सीट बाहेर काढली. सांगाडा बरा निघाला, पायांना थोडा गंज. पण पट्टे उंदरांनी कुरतडले होते आणि एक गुंडाळी गंजून बसलेली. कुशनवाला म्हणाला, "दाखवा, शिवून देतो, समजणारपण नाही." पट्टा शिवायचा नसतो. विणीचा एक भाग कापला गेला की ताकद कुठे कमी झाली ते बाहेरून दिसत नाही. तिन्ही पट्टे गाडीचेच नवे आणले. याच कामात सगळ्यात जास्त पैसे गेले आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

आडव्या बाकड्यावर तीन ठिकाणी बांधलेला पट्टा लावला तर चाललं नसतं का, असं एका मित्राने विचारलं. नाही. पट्टा आणि माणसाचं हाड एकमेकांसाठी जुळतात ते तोंड पुढे असताना. ओढ कमरेच्या हाडावर आणि छातीच्या पिंजऱ्यावर यायला हवी. आडवं बसलं की कमर अडकते, वरचा देह कुशीवर फेकला जातो आणि मान मध्ये सापडते. युरोपात २००७ च्या ऑक्टोबरपासून नव्याने नोंदवायच्या मोटारींमध्ये अशा आडव्या सीटा बंदच केल्या, कॅम्परव्हॅन धरून. परदेशातल्या व्हिडिओंत पुढची सीट गर्रकन मागे फिरवतात, ती फिरती प्लेटही मला फार आवडली होती. आमच्या व्हॅनमध्ये पुढची सीट म्हणजे इंजिनचं झाकण. ती उचलली नाही तर पंख्याचा पट्टाही बदलता येणार नाही. तो विषय तिथेच संपला.

मग झोपायचं कुठे? सीटला हात न लावता, सीटच्या पाठीच्या उंचीवर फळ्या. मागे डिकीत दोन घडीचे पाय, पुढे एक आडवी पट्टी. तीन तुकडे, मिळून १८ किलो. उठून बसता येत नाही, छत जवळ येतं, पण पाय लांब करून झोपता येतं. गाडी चालताना फळ्या डिकीच्या तळाशी सपाट, दोन पट्ट्यांनी आवळलेल्या. सुटी फळी ब्रेकसरशी काय करेल ते गव्याने दाखवून दिलंय. शेगडी बाहेरच लावतो.

दुसऱ्या फेरीला मॅडमनी सीट दोन्ही हातांनी हलवली, तिन्ही पट्टे झटक्याने ओढून अडकतात का पाहिलं, बक्कलं लावून सोडली, मग खाली वाकून बॅटरीने पत्रा पाहिला. नव्या रंगावर बोट फिरवून म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी केलं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेल्या.

मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास १,००० रुपये दंड. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला, त्यात जे दोघे गेले ते मागे बसलेले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोघांनी पट्टा लावला नव्हता. आमच्याकडे वडापमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, बसलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. तरी सांगत राहतो.

आईची एक अडचण शिल्लक आहे. ती बुटकी, त्यामुळे खांद्याचा पट्टा मानेला लागतो. "ह्यो पट्टो माका मानेक घासता," म्हणाली. मऊ गादी घालून उंच करता येईल, पण मऊ गादीवर बसलं की कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर सरकतो. वरची जागा बदलायची तर पुन्हा पत्र्याला भोक. सध्या तिला दोन बोटं आतल्या बाजूला सरकवून बसवतो, कमरेचा पट्टा खाली मांडीच्या सांध्याशी ओढून घेतो, तेव्हा वरचा बरोबर खांद्याच्या मध्यावर येतो. रविवारी कुणकेश्वरला तशीच नेली. परतताना मिठमुंबरीच्या पुलावर तिने पट्ट्यात अंगठा घालून तो जरा पुढे धरला होता. मी गाडी बाजूला घेतली, पट्टा पुन्हा नीट बसवला आणि मगच निघालो.