हसायला बंदी होती, म्हणून बोटं फिरत होती

मी शाळेत काउन्सेलर आहे. कोणत्या मुलाला त्रास होतोय हे कळायला माझ्याकडे सगळ्यात भरवशाची गोष्ट कोणती असेल तर सिक रूमचं रजिस्टर. मुलं स्वतःहून सांगत नाहीत, घरच्यांनाही बऱ्याचदा पत्ता नसतो, पण पोट दुखतंय म्हणून कोण कधी येऊन बसलं ते तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं. सातवीतला एक मुलगा सारखा येतोय असं नर्स म्हणाल्या तेव्हा मी ते रजिस्टर आणि त्याच्या वर्गाचं टाइमटेबल शेजारी शेजारी ठेवलं, तर पोट बरोब्बर भाषेच्या पिरियडला दुखत होतं, आणि त्या पिरियडला मॅडम आळीपाळीने धडा मोठ्याने वाचायला लावतात. मुलगा बोलताना अडखळतो. यात काही डिटेक्टिव्हगिरी नाही, कोणालाही कळलं असतं. पण वर्गात नक्की काय चालतं ते कोणी सांगेना. भाषेच्या मॅडम म्हणाल्या, अहो कोणी हसत नाही, मी हसूच देत नाही. आणि त्या खरं बोलत होत्या, हसत कोणीच नव्हतं.

त्या दिवशी त्या वर्गावर माझा एसईएलचा पिरियड होता. एसईएल म्हणजे सोशल इमोशनल लर्निंग. स्वतःच्या भावना ओळखणं, त्या आवरणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती सांभाळणं आणि विचार करून निर्णय घेणं, या गोष्टी उपजतच असाव्या लागतात असं नाही, शिकवता येतात आणि सरावाने जमतात, एवढीच त्यामागची कल्पना. स्टाफरूममध्ये याला 'भावनांचा तास' म्हणतात, थोडं चेष्टेतच, चालायचंच. २०११ मध्ये अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, २ लाख ७० हजार मुलं होती त्यात, वागणूक सुधारली आणि अभ्यासातही फरक पडला असं निघालं. हे मी सांगते तेव्हा लोकांच्या कानात फक्त अभ्यास हा शब्द शिरतो.

तर मी एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा बाकावर बसायला येतो आणि त्याला बघून शेजारचा रिकाम्या जागेवर बॅग ठेवतो, पुढच्या बाकावर जातो तर तिथेही तेच. मग विचारलं, याला काय वाटलं असेल? नेहमीची उत्तरं आली, वाईट वाटेल, राग येईल, सॅड. मग मधल्या रांगेतला एक मुलगा उठला, हुशार, दिसायला छान, सगळ्यांचा लाडका, मॉनिटर वगैरे. तो म्हणाला, "मॅडम, बॅग ठेवली त्याचं एवढं नाही लागणार. बाकीचे सगळे बघून न बघितल्यासारखं करतायत ना, ते लागेल. आणि तो घरी सांगणार नाही, कारण सांगायचं म्हणजे ते सगळं परत आठवायला लागणार."

इतकं नेमकं उत्तर मी मोठ्या माणसांच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा ऐकलेलं नाही.

मी तेव्हा वर्गात फिरत फिरत मागच्या बाकांपाशी पोचले होते. तेवढ्यात आमच्या अडखळणाऱ्या मुलाने हात वर केला, स्वतःहून, त्याचं मला फार बरं वाटलं, आणि तो बोलायला लागला, पहिलाच शब्द अडकला. आणि मला बाकांच्या खाली बोटं दिसली. एक बोट हवेत गोल गोल फिरत होतं, मोबाईलवर व्हिडिओ अडकला की ते चक्र फिरतं ना, लोडिंगचं, तसं. मग शेजारचं बोट, मग मागचं, बघता बघता सात-आठ. आवाज शून्य. पुढून बघितलं तर सगळे चेहरे एकदम गंभीर, शिकवणाऱ्याला वाटणार काय शांत वर्ग आहे. आणि पहिलं बोट कोणाचं होतं? आत्ता ते सुंदर उत्तर दिलेल्या मुलाचं.

अडखळणारा मुलगा "काही नाही मॅडम" म्हणून खाली बसला.

ब्रिटनमध्ये १९९९ साली सटन, स्मिथ आणि स्वेटनहॅम या तिघांनी एक अभ्यास मांडला होता, तो मला तिथे उभ्या उभ्या आठवला. त्रास देणारी मुलं म्हणजे मठ्ठ, त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असा सगळ्यांचा समज. त्यांना दिसलं ते उलट, टोळीचा म्होरक्या असलेली मुलं दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात त्यांच्या मागे फिरणाऱ्यांपेक्षा आणि त्रास सोसणाऱ्यांपेक्षाही पुढे होती. म्हणजे हसरा चेहरा, रडका चेहरा ओळखा छाप वर्कशीट या मुलाला दिली तर पैकीच्या पैकी मार्क, आणि बोट फिरायचं ते फिरतंच. एसईएलच्या नावाखाली नुसते भावनांचे तक्ते भिंतीवर लावणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच.

मी आरडाओरडा केला नाही. "ते बोट मी बघितलंय, ते या वर्गात चालणार नाही, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी मी एकेकट्याने बोलेन" एवढंच म्हटलं आणि अडखळणाऱ्या मुलाकडे मुद्दाम नजर टाकली नाही, उगाच सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळतात.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर सर म्हणाले, बोलवा दोघांना, सॉरी म्हणायला लावा, हातात हात द्या, विषय संपवा. मी म्हटलं, सर, हे भांडण असतं तर तसंच केलं असतं. नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेयस यांनी या विषयाचा पाया घातला, त्यांनी बुलिंग कशाला म्हणायचं ते सांगून ठेवलंय, मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्यात दोघांची ताकद सारखी नसते असं. ताकदच सारखी नाही तर समोरासमोर बसवून काय होणार, ऑफिसमध्ये सॉरी म्हणेल आणि जिन्यात त्याची वसुली करेल. सर म्हणाले, मग सोडून द्यायचं का? म्हटलं नाही, त्याच्या घरी कळवणार, मॉनिटरपदही जाणार, पण ते वेगळं, आधी मला दिवसभर द्या.

सुट्टीत आधी अडखळणाऱ्या मुलाशी बोलले. म्हटलं, तुझ्यासाठी काय करू सांग, भाषेच्या मॅडम म्हणतायत वाचनातून सूट देऊ. तो बराच वेळ घेऊन म्हणाला, "सूट नको. मॅडम माझा शब्द पूर्ण करतात, ते बंद करायला सांगा." मी बोटांचं विचारलं तर म्हणे, ते नंतर. भाषेच्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, मी तर मदत म्हणून करत होते हो, म्हणाल्या. मदतच होती ती. पण अडखळणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण केलं की तुझ्याकडून होणार नाही हेच त्याला सांगून होतं.

मग मॉनिटर. म्हटलं, सकाळचं तुझं उत्तर आठवतंय? हो म्हणाला. त्याला काय वाटत असेल हे या वर्गात तुझ्याइतकं कोणाला माहीत नाहीये. गप्प. मग, "मॅडम मी एकटा नाही करत." माहितीये, पण आधी तुझं बोट फिरतं. "मी नाही फिरवलं तरी ते फिरवतील." म्हटलं, बघू की. रडला बिडला नाही, पश्चात्तापाचं तर नावच नको, पण हिशोब करायला लागला होता हे दिसलं.

खरं काम बाकीच्यांवर करायचं होतं. फिनलंडमधल्या संशोधक सॅल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की असा प्रकार दोघांमधला नसतोच, कोणी साथ देतं, कोणी हसून चढवतं, कोणी बाजूला उभं राहतं, एखादाच कोणी बाजू घेतो, आणि म्होरक्याला लागतो तो प्रेक्षक. शाळांमधलं बुलिंग थांबवण्यासाठीचा किवा नावाचा त्यांचा कार्यक्रम त्यावरच उभा आहे. मी वर्गात ज्यांचं चालतं अशी तीन मुलं बोलावली, त्यात एक मुलगी अशी की जिचं बोट मी स्वतः बघितलं होतं. ती म्हणाली, नाही फिरवलं तर पुढचा नंबर माझा. खरंच होतं, मी नाही म्हटलं नाही. त्यांना एकच सांगितलं, कॅनडामध्ये मैदानावरच्या मुलांचं रेकॉर्डिंग करून केलेला अभ्यास आहे, २००१ चा, सोबतची मुलं मध्ये फार कमी वेळा पडली, पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांत थांबला. हिरोगिरी नको, भांडण नको, दहा सेकंदांचं काहीतरी शोधा. मग सराव. पहिल्यांदा "वाचू दे ना" म्हणताना तिचा आवाज असा काही चिरकला की तिघं पण खो खो हसत सुटले. मग ती म्हणाली, मी पुस्तकात तोंड घालून बसले तर? म्हटलं नको, तो वाचताना त्याला एक तरी ऐकणारा चेहरा दिसला पाहिजे. आणि हो, वाचून झाल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, टाळ्यांनी पण माणूस वेगळा पडतो.

शेवटचा पिरियड भाषेचाच होता. मी मागे जाऊन बसले. त्याची पाळी आली, दुसऱ्याच ओळीत शब्द अडकला, मॅडमनी ओठ असे घट्ट मिटून घेतले की मला लांबूनही दिसलं. उजवीकडे एक बोट उठलं, मग अजून एक. आणि ती मुलगी, सरावातलं सगळं विसरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ए, हात खाली." बोटं खाली. मॉनिटरचे दोन्ही हात बाकावर, तो वाचणाऱ्याकडे बघतच नव्हता, आजूबाजूचे काय करतायत ते बघत होता. परिच्छेद पूर्ण व्हायला भरपूर वेळ लागला, पण झाला, आणि मॅडम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, पुढे कोण?

नंतरचं सांगायचं तर त्या मुलीला काही दिवस मॅडमची चमची म्हणून चिडवणं झालं, त्यासाठी तिच्याबरोबर बसायला मला वेगळा वेळ काढावा लागला, कारण बाजू घेणाऱ्याला एकटं सोडलं की पुढच्या वेळी कोणी उठत नाही. वर्गातली बोटं थांबली, पण आता स्कूल बसमध्ये चालू आहेत असं कळलंय, तिथे शिक्षक नसतात. म्हणून पुढच्या ट्रेनिंगला बसचे ड्रायव्हर आणि बसमधल्या मावशींना पण बसवायचं ठरवलंय. मुख्याध्यापक म्हणाले, ड्रायव्हरना पण भावनांचा तास? म्हटलं, हो सर, आणि तुमची पण खुर्ची ठेवलीये.