मावशीचे रान आणि माझे रान

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला झाडांखालून फिरण्यासाठी दूर जावे लागत नाही. देवीच्या लशीसाठी ब्रिटिश अमदानीत राखलेले व्हॅक्सिन डेपोचे आवार पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांनी गजबजलेले असते. जागा सरकारी असल्यामुळे ही झाडी टिकली हे खरे. तरी तिच्यावर खरी नजर रोज येणाऱ्यांचीच असते, असे मला वाटते.

खानापूर तालुक्यात मात्र जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान असूनही, कोणत्या वाटेने आत जाता येते हे सांगणारे काही सापडत नाही. गेल्या मे महिन्यात मावशीच्या गावी गेलो असता आम्ही दोघे करवंदांसाठी एका पायवाटेने आत शिरलो आणि अर्ध्या तासात एका पहारेकऱ्याने आम्हांला माघारी धाडले. पाटी कन्नडमध्ये होती, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मावशीला ती वाचता येत नाही. पहारेकरी सभ्यपणे बोलला, नियमही त्याने केलेला नव्हता. मला खटकले ते एवढेच, की लहानपणापासून त्याच वाटेने शिकेकाईला जाणारी मावशी आणि सुटीला आलेला मी, आम्हां दोघांना एकच उत्तर मिळाले.

कायदा या दोघांना एक मानत नाही. याच तालुक्यातल्या, २०११ साली घोषित झालेल्या, सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात पर्यटकाला वा छायाचित्रकाराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि तो लागावाच. बारापेडे गुहांतले रॉटनचे वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. तिथे सहलीची गर्दी आणि रविवारचा कलकलाट नकोच. पण २००६ चा वनहक्क कायदा पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांचा मध, हिरडा, शिकेकाई अशी गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य करतो, आणि त्या दाव्याची सुरुवात कचेरीत नव्हे, ग्रामसभेत होते.

अडचण पुराव्याची आहे. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि रानावरचे अवलंबन दाखवावे लागते. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. त्या वेळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते, आणि १९५६ नंतर राज्य बदलले तशी कचेरीची भाषाही बदलली. आजोबांचा मराठी कागद घेऊन आज कन्नड टेबलासमोर उभे राहणे काय असते, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. पण असे जबाब देऊ शकणारी माणसे दर पावसाळ्याला कमी होत आहेत.

माझ्यापुरते म्हणाल, तर मला एक आखलेली वाट, तिच्या वेळा आणि मराठीतही लिहिलेली पाटी एवढे पुरे आहे. मावशीचे काम त्याने भागणार नाही. तिच्या घरी सध्या जुन्या ट्रंकांची उलथापालथ चालू आहे. शेतसाऱ्याची एक पावती सापडली आहे. ती मोडी लिपीत आहे, आणि वाचणारा अजून मिळालेला नाही.