गल्लीचा फोटो प्रोजेक्ट, महिना तिसरा: जमिनीवर ३१२ प्रिंट

गल्लीतल्या लोकांनी स्वतःच काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचंय, त्याबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं की अकरा जण जमले, डिस्पोजेबल कॅमेरे वाटून झाले. त्यानंतर मी गायबच होतो, कारण रोल धुऊन आले आणि माझा मूडच गेला. एका कॅमेऱ्यात २७ फ्रेम, माझा हिशोब असा की मोजकेच फ्रेम असले की माणूस विचार करून क्लिक करतो. तो हिशोब बरोबर निघाला, लोकांनी विचार केला, पण विचार करून ते सगळे जवळ गेले. आईचे हात, कुलूप, भिंतीवर लावलेला जुना फोटो, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद. आणि या कॅमेऱ्यांचा फोकस फिक्स असतो, साधारण एक मीटरच्या आत काही नीट येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं. पहिल्या मीटिंगला मी अर्धा तास काय शिकवलं, तर फ्रेमचे तीन भाग कसे करायचे. निम्मे फोटो धूसर. दोन कॅमेरे तर परतच आले नाहीत.

मग सगळे मोबाइलवर आलो. तिथे वेगळाच घोळ, सगळ्यांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे टाकले, म्हणजे लांब बाजू उरते १६०० पिक्सेलच्या आसपास, ३०० डीपीआयला, म्हणजे छापताना एका इंचात ३०० पिक्सेल धरले तर, जेमतेम सव्वापाच इंच. भिंतीवर लावायचं तर काय लावणार. आता नियम केलाय की फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचा. मूळ १२ मेगापिक्सेलची फाइल ४००० बाय ३००० ची असते, तिच्यातून १३ बाय १० इंच आरामात निघतो. पण डॉक्युमेंटबरोबर लोकेशनही येतं हे लक्षात ठेवा! मी प्रत्येक फाइलमधलं जीपीएस काढल्याशिवाय ती शेअर्ड फोल्डरमध्ये जाऊच देत नाही, कारण बरेचसे फोटो लोकांच्या घरातले आहेत.

आता मुख्य गोष्ट, निवड. आधी लॅपटॉपवर बसून करायचा प्रयत्न केला, पण माउस माझ्या हातात, मग मी जिथे थांबेन तिथे सगळे थांबणार आणि मी 'वा' म्हटलं की सगळे वा. दोन तासांनी कळलं की हे माझंच सिलेक्शन चाललंय, बाकीचे माना हलवतायत. म्हणून सगळं ४ बाय ६ मध्ये छापून आणलं, ३१२ प्रिंट, आणि हॉलच्या जमिनीवर पसरले. प्रत्येकाला दहा लाल टिकल्या, आवडेल त्याच्या मागच्या बाजूला लावायची, म्हणजे दुसऱ्याने कुठे लावली ते दिसत नाही.

माझ्या आवडीच्या पाच फोटोंना शून्य. संध्याकाळचा उजेड, सायकलची लांब सावली, मला तर वाटलं होतं पोस्टरवर तेच जाणार.

सगळ्यात जास्त टिकल्या कशाला, तर एका रिकाम्या कोपऱ्याच्या फोटोला. भिंत, ओलीचा डाग, बास. मी विचारलं यात आहे काय, तर एक काकू म्हणाल्या, "अरे, इथे नळ होता, तुला कसं माहीत असणार," आणि मग जे सुरू झालं ते पाऊण तास थांबलंच नाही, नळावर कोण कोणाशी भांडलं, कोणाची ओळख तिथे झाली, नळ काढला तेव्हा कोण रडलं. रेकॉर्डर चालू ठेवलेला म्हणून वाचलो.

इथे थोडं मागचं सांगतो. 'फोटोव्हॉइस' ही पद्धत कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात गावातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन उभी केली, आणि त्यात फोटोवर बोलायला ठरलेले प्रश्न असतात: इथे काय दिसतं, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी याचा काय संबंध, हे असं का आहे, आपण काय करू शकतो. प्रश्न भारी आहेत, पण मी ते कागदावरून वाचून दाखवले तेव्हा तोंडी परीक्षा चालल्यासारखं झालं, सगळे गप्प. आता एकच विचारतो, "यात काय आहे जे दिसत नाहीये?" बाकीचे प्रश्न आपोआप येतात.

कॅप्शनमध्येही मी माती खाल्ली. व्हॉइस नोटवरून उतरवताना मी भाषा 'नीट' केली, वाक्यं जोडली, दोनतीनदा आलेला शब्द एकदाच ठेवला. ज्या आजोबांचं होतं त्यांना वाचून दाखवलं तर शांतपणे म्हणाले, "छान आहे, पण हे मी बोललेलो नाही." सगळ्या २६ कॅप्शन परत केल्या. आता बोलले तसंच, फक्त लांबी कमी करायची असेल तर कुठलं वाक्य जाणार ते त्यांनीच ठरवायचं. वेळ तिप्पट लागतो.

परवानगीचं: ज्याने काढला त्याची आणि जो फोटोत आहे त्याची, दोघांची वेगळी घेतोय. त्यातही भिंतीवर चालेल का, ऑनलाइन चालेल का, छापील पुस्तिकेत चालेल का, असं सुटं सुटं. एकीने भिंतीसाठी हो म्हटलं, ऑनलाइनला नाही, आणि ट्रायल प्रिंट बघितल्यावर भिंतीलाही नाही. काढला. तो आमच्यातला सगळ्यात चांगला पोर्ट्रेट होता, जीव जळला, पण काढला.

मिल्टन रोगोव्हिन या अमेरिकन फोटोग्राफरचे फोटो परत बघतोय सध्या. पेशाने चष्म्याचा डॉक्टर, आणि १९७२ पासून बफेलो शहरातल्या एकाच वस्तीत तीस वर्षं फिरून फिरून त्याच लोकांकडे गेला. उभं कसं राहायचं ते लोकच ठरवायचे आणि प्रिंट त्यांना मिळायची. आम्हीही ठरवलंय की प्रदर्शनाआधी प्रत्येकाला आपापली प्रिंट घरी पोचवायची, भिंतीवर लागेल ती दुसरी कॉपी.

अजून एक भांडण मी हरलो. ते धूसर हात आठवतायत ना, पहिल्या रोलमधले? ज्या ताईने काढला तिला तोच १२ बाय १८ मध्ये पाहिजे. मी म्हटलं मोबाइलवर परत काढू, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "आईने तेव्हा हात पुढे केले होते, आता सांगून करेल." मी स्कॅन केलं, धूळ तेवढी काढली, शार्पनिंगला हात लावला नाही. काल ऑर्डर गेली, मॅट पेपरवर, कारण हॉलमध्ये ट्यूबलाइट समोरच आहे आणि ग्लॉसीवर फक्त ट्यूबच दिसते.

पुढच्या आठवड्यात टांगायचं काम. दोरी आणि क्लिप की फोमबोर्ड (फोमचा हलका, कडक पुठ्ठा), अजून ठरत नाहीये. कोणी दमट भिंतीवर फोमबोर्ड लावलाय का? दोन बाजूंच्या टेपवर माझा विश्वास नाही. आणि ते न आलेले दोन कॅमेरे, त्यातल्या एकाचा मालक काल रस्त्यात भेटला, म्हणाला अजून सात फ्रेम बाकी आहेत, घाई करू नका.